पेंग्विनची चाळणी

मागच्या सुट्टीत माझी नात मुंबईला जाऊन पेंग्विन बघून आली. तेव्हापासून घरात तिचं व्याख्यान चालू होतं. पेंग्विन कसा चालतो, मासा कसा गिळतो, आईबाप अंडं कसं पाळीपाळीने उबवतात. तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडता निवडता म्हटलं, "मी पण काम केलंय हो पेंग्विनवर."

"कुठे?"

"इथेच. गंगापूर रोडला."

ती आईला सांगायला गेली की आजी पुन्हा थापा मारायला लागली.

मी थापा मारते हे खरं आहे, पण ही त्यातली नव्हे. फक्त एक गोष्ट आधीच कबूल करते. मी पेंग्विन अजून एकदाही पाहिलेला नाही. मी पाहिली ती त्याची शीट. ज्या बाजूने ओळख व्हायला हवी, त्याच्या बरोब्बर उलट बाजूने आमची ओळख झाली आणि तिथेच थांबली.

डॉक्टर गद्रे हे जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन खोल्यांत कोंबड्यांच्या रोगांची तपासणी सुरू केली. नाशिकच्या आसपास तेव्हा पोल्ट्र्या भराभरा वाढत होत्या, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. मी बी.एस्सी. झालेली, मुलं शाळेत जायला लागलेली, घरात बसून कंटाळलेली. डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि मी तिथे पंचवीस वर्षं बसले.

काम काय, ते ज्यांना ऐकवेल त्यांच्यासाठी सांगते. कोंबडीच्या पोटात जंत झाले की त्यांची अंडी शिटेतून बाहेर पडतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. मग चमचाभर शीट घ्यायची, मिठाच्या गच्च पाण्यात कालवायची. गच्च म्हणजे आणखी मीठ विरघळेनासं होईल इतकं. ते पाणी चहाच्या चाळणीतून गाळून बारीक नळीत काठोकाठ भरायचं आणि वर काचेचा पातळ तुकडा ठेवायचा. खारट पाण्यात जंतांची अंडी हलकी होऊन वर येतात आणि काचेला चिकटतात. पंधरा-वीस मिनिटांनी ती काच उचलून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. एवढंच शास्त्र. बाकी सगळा नाकाचा निग्रह.

गिऱ्हाइकं कशात काय घेऊन येतील याचा नेम नसे. काडेपेटी, कॅमेऱ्याच्या रोलची डबी, पानाचा विडा करावा तसा केळीच्या पानाचा विडा. नांदगावच्या एका गृहस्थांनी पेढ्यांच्या खोक्यातून शीट आणली होती. डॉक्टरांनी खोकं हातात घेतलं, वरचं दुकानाचं नाव वाचलं आणि म्हणाले, "अरे वा, मुलगा झाला का?"

अशा आमच्या दरबारात एके दिवशी सुहास आला. ओझरच्या विमान कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याचा हा मुलगा. पक्ष्यांवर संशोधन करणारा, नुकताच दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवरून परतलेला. तिकडच्या पेंग्विनांना आणि समुद्रपक्ष्यांना कुठले रोग होतात, माणसांच्या वावराने त्यांच्यात नवं काही शिरतंय का, हा त्याचा विषय. बर्फात फिरून त्याने शिटेचे नमुने गोळा केले होते, औषधाच्या पाण्यात घालून छोट्या बाटल्यांत भरले होते. मोठमोठ्या ठिकाणी विचारून झालं होतं. तिथे यंत्रं भरपूर, पण पक्ष्यांचे जंत रोजच्या रोज बघणारं माणूस एकही नाही.

"आमच्या शैलाबाई बघतील," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. "त्या जंताचं अंडं झोपेतही ओळखतात."

झोपेत ओळखण्याची वेळ कधी आली नव्हती, पण मी मान डोलावली. तेव्हा मी चाळिशीला आले होते आणि स्वतःविषयी माझं मत फार चांगलं होतं. त्याच आठवड्यात आमच्या आळीतल्या हळदीकुंकवाला मी असं काही सांगितलं, की पेंग्विन बाजूच्या खोलीत उभा आहे असं बायकांना वाटलं. एकीने तर तो काय खातो ते विचारलं. मी म्हटलं, "मासे. पण चावून खात नाही, पचनाचे त्रास असतात." कशाच्या आधारावर, देव जाणे.

बाटली उघडली की औषधाच्या वासामागून माशाचा वास यायचा. कोंबडीच्या शिटेला सरावलेलं माझं नाकही पहिले दोन दिवस नाराज होतं. पण काम मी चोख सुरू केलं. कोंबड्यांच्या चाळण्यांच्या दांड्यांना तांबडा दोरा, पेंग्विनच्या चाळणीला पांढरा. हा पांढरा दोरा माझी स्वतःची कल्पना, आणि तिचा मला अभिमान. पहिल्या दहा-बारा बाटल्यांत काहीही निघालं नाही. वहीत मी दर वेळी लिहायची, 'स्वच्छ'. सुहास दर शनिवारी ओझरहून स्कूटरवर यायचा, वही बघायचा आणि जरा हिरमुसून जायचा. पाहुणा रिकाम्या हाती पाठवल्यासारखं मला वाटायचं.

मग दसरा आला.

माझे वडील रामकुंडावरचे पुरोहित. आमच्या घरी दसऱ्याला शस्त्रपूजा म्हणजे कडक कारभार. पळी-पंचपात्रापासून नारळ फोडायच्या कोयत्यापर्यंत सगळं घासूनपुसून पाटावर. लग्नानंतर ती हौस मी प्रयोगशाळेत भागवायची. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, नळ्यांच्या घोडीला अक्षता, तराजूला हार. डॉक्टर लांब उभे राहून म्हणायचे, "शैलाबाई, भिंगाला कुंकू लावू नका, नाहीतर वर्षभर सगळे जंत सौभाग्यवती दिसतील."

त्या वर्षी तर ध्रुवाचं काम हाती. आदल्या दिवशी मी सगळ्या चाळण्या राखेने घासल्या. दोरे मळकट झाले होते. मळकट दोरे देवापुढे बरे दिसत नाहीत म्हणून मी ते कात्रीने कापून टाकले. चाळण्या पाटावर ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीत मखमलाबादहून आणलेल्या झेंडूचं एकेक टपोरं फूल ठेवलं. डॉक्टरांना नीट दिसत नव्हतं, तरी म्हणाले, "पिवळं-पिवळं छान दिसतंय."

दुसऱ्या दिवशी फुलं काढली. पूजेतल्या वस्तू लगेच खसाखसा घासणं मनाला पटेना, म्हणून चाळण्या नळाखाली नुसत्या विसळल्या. नवे दोरे बांधले, तांबडे आणि पांढरा. कोणता कुठल्या चाळणीला, ते अर्थातच अंदाजाने. सगळ्या सारख्याच चकाकत होत्या. आणि माझा अंदाज कधी चुकत नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

त्यानंतरच्या पहिल्याच बाटलीत अंडं सापडलं. कोंबडीच्या जंताचं, पुस्तकात काढल्यासारखं. दुसऱ्या बाटलीत आणखी दोन. आणि त्यांच्या शेजारी एक वेगळीच चीज. गोल, पिवळसर, अंगभर काटे. फार देखणी. असलं काही मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. मी वहीत लिहिलं, 'अनोळखी, काटेरी. बहुधा नवीन.'

सुहासला फोन केला. अर्ध्या तासात स्कूटर दारात. त्याने डोळा लावला तो पाच मिनिटं काढला नाही.

"ताई, कोंबडीचा जंत पेंग्विनमध्ये? म्हणजे आपण माणसांनी नेला तिकडे."

"एकदा परत बघा," आतून डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, हे अंडं मी दहा वर्षं बघतेय," मी म्हटलं. सुरात जरा दुखावलेपण आणलं.

"आणि हे काटेरी?" सुहासने विचारलं. "हे खरंच नवीन असेल तर नाव द्यावं लागेल. शोधणाऱ्याचं देतात कधीकधी."

त्या रात्री भाकऱ्या थापताना माझ्या मनात 'शैलेन्सिस' असं एक लॅटिन नाव तयार झालं. मी ते दोन-तीनदा हळूच म्हणूनही पाहिलं. नवऱ्याने विचारलं, कुठलं औषध.

सुहासचं डोकं दुसऱ्या दिशेने धावत होतं. कोंबडी तिकडे पोचते ती मोहिमेच्या स्वयंपाकघरातून. मग खरकटं बाहेर टाकलं कोणी? त्याने त्याच दिवशी मोहिमेच्या कचेरीत कळवलं की स्वयंपाकघराची चौकशी व्हावी, सविस्तर अहवाल दिवाळीनंतर देतो. पुढच्या मोहिमेची यादी तेव्हा तयार होत होती. तिच्यात जुन्या स्वयंपाक्याचं नाव होतं. ते बाजूला ठेवलं गेलं.

आठवड्याने आमच्या बाकावर एक माणूस येऊन बसला. पांढरा सदरा, पायजमा, मांडीवर कापडी पिशवी. अवतीभवती काडेपेट्या घेऊन बसलेली मंडळी. त्याचा नंबर आला तशी मी मान वर न करता विचारलं, "कोंबड्या किती? शीट ताजी आहे ना?"

"कोंबड्या नाय ताई. मी अहिरे. सटाण्याचा. तिकडे बर्फात स्वयंपाकाला होतो."

मी चष्मा काढून ठेवला.

"सायेब म्हणतात, मी कोंबडी बाहेर टाकली, तिच्यापायी पाखरं आजारी पडली. ताई, हाड सुदीक बाहेर टाकलं नाय मी. सगळं पिंपात भरून जहाजावर परत यायचं." तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला. "एक डाव मात्र भाकर दिधी. खोटं कशाला बोलू."

"कोणाला?"

"तलाठ्याले."

तिकडे स्कुआ नावाचा एक तपकिरी समुद्रपक्षी असतो, आपल्या घारीएवढा आणि घारीपेक्षा आगाऊ. तो रोज जेवणाच्या वेळेला स्वयंपाकघरासमोर यायचा, एकेकाच्या ताटाकडे मान वाकडी करून पाहायचा, जसा पीकपाहणीला आलाय. म्हणून अहिरेभाऊंनी त्याचं नाव ठेवलं तलाठी. "माय आठवायची तव्हा मी भाकर करायचो. त्या दिवशी फार आठवली. अर्धी खाल्ली, अर्धी त्याला दिधी. हा तलाठी पेंग्विनच्या वस्तीत अंडी चोरायला जायचा. त्या भाकरीने झालं असेल का हे, ताई? तुम्ही भिंगातून बघता, तुम्हाले कळत असेल."

आता इथे मी काय बोलायला हवं होतं? मला माहीत नाही, एवढंच. पण जिच्या नावाने जंत होणार होता ती बाई 'माहीत नाही' कशाला म्हणेल? मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "हाताला कोंबडीचा रस्सा लागला असेल भाकरीच्या वेळी. सांगता येत नाही. शक्य आहे."

तो माणूस खूप वेळ हाताकडे बघत बसला. मग उठला, नमस्कार केला आणि एसटी पकडायला गेला. मी पुढची काडेपेटी घेतली.

या एवढ्या प्रसंगापुरतं मला तेव्हाच्या शैलाबाईंवर हसू येत नाही. बाकी सगळीकडे येतं.

वसुबारसेच्या दुपारी डॉक्टर घरी गायीच्या पूजेला गेले होते. मी प्रयोगशाळेच्या दाराला तोरण करत बसले होते. मांडीवर झेंडू, हातात दोरा. एवढ्यात एक शेतकरी घाईने शीट देऊन गेला. मी तशीच उठले, हात पदराला पुसले, नळी भरली, काच उचलली आणि भिंगातून पाहिलं.

समोर शैलेन्सिस. एक नाही, पाच-सहा. गोल, पिवळे, अंगभर काटे.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. ध्रुवावरचा जंत नाशिकच्या कोंबडीतही मिळाला, म्हणजे शोध दुप्पट मोठा. निदान मिनिटभर मी त्या आनंदात होते. मग वहीत लिहायला पेन उचललं आणि माझी बोटं मला दिसली. हळद लावल्यासारखी पिवळी.

मी मांडीवरून पडलेलं एक फूल उचललं. कोऱ्या काचेवर झटकलं. भिंगाखाली धरलं.

झेंडूचे पराग. अंगभर काटे. फार देखणे.

ध्रुवावर झेंडू लागत नाही, हे समजायला पदवी लागत नाही. म्हणजे तो पेंग्विनच्या पोटातून आला नव्हता, चाळणीतून आला होता. माझ्या दसऱ्याच्या चाळणीतून. कोंबड्यांच्या काचांवरही पराग पडले असतील, पण तिथे मी अंडी मोजण्यापलीकडे बघतच नव्हते. मग ती अंडी? मी वही मागे उलटली. दसऱ्याआधी सगळीकडे 'स्वच्छ'. अंडी सगळी दसऱ्यानंतरची. कोंबड्यांच्या एका चाळणीला मी स्वतःच्या हाताने पांढरा दोरा बांधला होता. तिच्या जाळीत कुठल्या तरी पोल्ट्रीतली अंडी अडकून बसली होती आणि मी त्यांना थेट दक्षिण ध्रुवावर पाठवून दिलं होतं.

तोरण अर्धवट टाकून भांडीबाजारात गेले, नवी चाळणी आणली. बाटल्यांत नमुन्यांचा थोडा थोडा भाग शिल्लक ठेवलेला असतो, तो घेतला. एकेक करून पुन्हा तपासलं. अंडं नाही, काटे नाहीत. काही नाही. इतकं सुंदर काहीच-नाही मी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर परतले तेव्हा मी रडत होते. सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाले, "पूजा फार मनापासून केली होती तुम्ही."

"डॉक्टर, चेष्टा नको."

"बरं. नको. मग फोन कोण करणार? मी की तुम्ही?"

मी केला. सुहासने सगळं ऐकलं. "ताई, अहवाल टाइप झालाय," तो म्हणाला. "दोन वर्षं बर्फात हिंडलो. पहिल्यांदा सांगण्यासारखं काहीतरी हातात आलं होतं."

डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "सुहास, पेंग्विन ठणठणीत आहेत, हे सांगण्यासारखं नाही का रे? का आजारीच असायला हवेत तुझ्यासाठी?" तिकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. पण त्याने त्याच आठवड्यात कचेरीला दुसरं पत्र लिहिलं. चूक प्रयोगशाळेची, स्वयंपाकघराची नाही, असं स्पष्ट. माझं नाव मात्र त्याने घातलं नाही. पहिल्यांदा घालायचं होतं म्हणून मी खूश होते, दुसऱ्यांदा घातलं नाही म्हणून.

पत्र जायचं तेव्हा जाईल, पण अहिरेभाऊंना मी सांगायला हवं होतं. नरकचतुर्दशीला सकाळी फराळाचा डबा घेऊन मी सटाण्याची एसटी पकडली. नवरा म्हणाला, "सणाचं कुठे?" म्हटलं, "अभ्यंगस्नान झालं, आता बाकीचं धुऊन येते."

घर शोधायला वेळ लागला नाही. त्यांच्या बायकोने मला आत घेतलं आणि मी कोण ते कळल्यावर अहिराणीत सरळच बोलली, "तुम्ही काय सांगं याले? हाऊ माणूस नीट जेवस नही, ताई. रोज इचारस, पाखरं मरी गयी व्हतीन का."

अहिरेभाऊ मागच्या अंगणातून आले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. दसरा, दोरे, झेंडू, सगळं. रश्श्याचं बोलले तेही माझ्या मनाचं होतं, हेही सांगितलं. वाटलं, आता हा माणूस चिडेल. चिडायलाच हवं होतं.

ते म्हणाले, "म्हणजे पाखरं बरी शेतस ना?"

"सगळी बरी आहेत."

"तलाठी बी?"

'स्कुआ, स्वयंपाकघरासमोरचा' अशी एक बाटली माझ्या वहीत होती, म्हणजे तलाठ्याचीच. "स्वच्छ," मी म्हटलं.

ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि तोंडावरून दोन्ही हात फिरवले. मग बायकोला म्हणाले, "ताईले फराळ दे." ती आतून म्हणाली, "आधी तुम्ही खायला बसा." आम्ही दोघंही बसलो. त्यांनी माझ्या डब्यातल्या दोन करंज्या खाल्ल्या आणि म्हणाले, "ताई, सारण चांगलं शे. पारी जाड झाली." स्वयंपाकी माणूस. मी ऐकून घेतलं. त्या दिवशी मला काहीही बोललेलं चाललं असतं.

पुढच्या मोहिमेच्या यादीत त्यांचं नाव परत आलं. निघण्याआधी ते नाशिकला आले, बाकावर काडेपेट्यांच्या ओळीत बसले आणि नंबर आल्यावर पिशवीतून एक वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. स्टीलची नवी चाळणी. दांडीला पांढरा दोरा त्यांनी घरूनच बांधून आणला होता.

"ही पेंग्विननी चाळणी शे," ते म्हणाले. "पूजाले ठेवू नका."

"नाही ठेवणार. शब्द देते," मी म्हटलं. आत डॉक्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सुहासचा अहवाल दिवाळीनंतर गेला. त्यात मोठी बातमी काही नव्हती. पक्षी निरोगी आढळले, एवढंच. कामाच्या पद्धतीविषयी मात्र एक वाक्य होतं, प्रत्येक नमुन्याला नवी चाळणी वापरावी. ते वाक्य माझं. शास्त्राला माझी भर तेवढी. सुहास पुढे परदेशात गेला. पेंग्विनच्या बाटल्या आमच्याकडे पुन्हा आल्या नाहीत, त्यामुळे ती चाळणी खिळ्याला तशीच टांगलेली राहिली, एकदाही न वापरता. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आठवण म्हणून काय हवं? मी चाळणी मागितली. ते म्हणाले, "सूक्ष्मदर्शक न्या की." म्हटलं, नको, तो सगळं दाखवतो.

आता आमच्या घरी दसऱ्याला नात पूजा मांडते. तिची पुस्तकं, तिच्या बाबांचा लॅपटॉप, माझा चष्मा, स्वयंपाकघरातलं झाडून सगळं. मागच्या दसऱ्याला तिने चहाच्या, पांढऱ्या दोऱ्याच्या चाळणीतही झेंडूचं फूल ठेवलं. मी ते उचलून घेतलं आणि चाळणी पाटावरून काढून कट्ट्यावर ठेवली. तिने कारण विचारलं, मी सांगितलं नाही. पेंग्विनचं पटत नव्हतं, तर हे काय पटणार. म्हणून हे छापून आणतेय. बाळा, मी तसा शब्द दिलाय एका माणसाला. आणि तुझ्या आईला सांग, चाळणी कोरी होती. चहा निवांत घ्यावा.